पलीकडच्या हॉलंडचे फोन

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राने एक चौकोनी लचका तोडलेला दिसतो. त्या लचक्याभोवतीचा सगळा मुलूख मला तोंडपाठ आहे. स्पॉल्डिंग, बॉस्टन, होल्बीच, विझबीच, मार्च. मार्च हे तिथे गावाचं नाव आहे, त्यामुळे मार्चला एप्रिलमध्ये माल पाठवायचा असला की ऑफिसातला नवीन माणूस हमखास डोकं खाजवायचा. कुठल्या गावाबाहेर कुठला कालवा आहे, कुठला पूल बोटींसाठी बाजूला फिरतो आणि ट्रक तासन् तास अडकतो, कुठल्या रस्त्याखालची जमीन खचून रस्ता पापडासारखा वाकडा झालाय, हे सगळं मी झोपेतून उठवलंत तरी सांगेन. मी तिथे एकदाही गेलेले नाही.

पुण्यात मी शाळेत भूगोल शिकवायचे. दोन हजार बाराच्या सुमारास नवऱ्याला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि आम्ही मुलीला घेऊन आल्मेरला आलो. आल्मेर म्हणजे समुद्र उपसून वसवलेलं गाव. सिंहगड बघत मोठ्या झालेल्या भूगोलाच्या बाईला देवाने अशा गावी आणून ठेवलं, जिथे सर्वांत उंच भूरूप म्हणजे पार्किंगची इमारत. नवऱ्याच्या राहण्याच्या परवान्यावर त्याचं कौशल्य लिहिलेलं होतं. माझ्या परवान्यावर माझा नवरा लिहिलेला होता. ते कार्ड दर वेळी पाकिटातून काढताना मला मनापासून राग यायचा. नवऱ्याला वाटायचं की मला फोटो आवडलेला नाही.

म्हणून आल्मेरहून रेल्वेने अर्ध्या तासावरच्या स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात नोकरी मिळाली तेव्हा मी कामाचं स्वरूप फारसं विचारलंच नाही. स्टेशनसमोरची काचेची इमारत, तिच्यात वरच्या मजल्यावर एक छोटी कंपनी. ही कंपनी देशाच्या उत्तर टोकाच्या ग्रोनिंगनकडच्या शेतकऱ्यांकडून बटाट्याचं बेणं विकत घ्यायची आणि इंग्लंडच्या त्या पूर्वेकडच्या भागात विकायची. ऑफिसात मातीचा कण नव्हता. कुंडीतली झाडंसुद्धा प्लॅस्टिकची होती. माझं काम एवढंच, की तिकडच्या शेतकऱ्यांना फोन करायचा, कुणाला बेणं कधी हवंय ते विचारायचं आणि त्याप्रमाणे ट्रक सोडायचे. मला का घेतलं, तर माझं इंग्रजी चांगलं होतं. भारतीय इंग्रजी आणि इंग्लंडचं इंग्रजी ही एकच भाषा आहे अशी माझ्या बॉसची समजूत होती, आणि ती दुरुस्त करायची मला मुळीच घाई नव्हती.

बॉस ग्रोनिंगनकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. उंच, सरळ, मनाने चांगला. त्याला नावाने हाक मारायची, आणि तो आपल्याला जे वाटेल ते तोंडावर सांगणार, असा इथला रिवाज. पहिल्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं की माझी आधीची केशरचना जास्त बरी होती. वर हेही सांगितलं की तो हे प्रेमाने सांगतोय. त्या पूर्व इंग्लंडबद्दल त्याला फार अभिमान. “ती सगळी दलदल होती,” तो पाव-चीज खाता खाता म्हणायचा. “ती आम्ही कोरडी केली.” काही शतकांपूर्वी एका डच अभियंत्याने तिथे सरळ रेषेत कालवे खणून पाणी समुद्रात सोडलं, हे खरं आहे. पण बॉसच्या तोंडून ऐकताना असं वाटायचं की सकाळी ऑफिसला येण्याआधी पंप हाच चालू करून आलाय. तिथल्या एका भागाला अजून हॉलंडच म्हणतात. म्हणजे मी एका हॉलंडात बसून दुसऱ्या हॉलंडात बटाटे पाठवत होते आणि दोन्हींपैकी एकही माझं नव्हतं.

हळूहळू फोनवरून मुलूख कळायला लागला. समुद्राजवळची जमीन गाळाची. तिच्यात कोबी, फ्लॉवर आणि स्पॉल्डिंगच्या बाजूला फुलांचे कंद. आत गेलं की काळी माती, जुन्या दलदलीची, भुसभुशीत. बटाटा आणि साखरेचं बीट तिच्यात असं काही वाढतं की विचारू नका. भाज्या धुऊन पिशव्यांत भरायचे मोठमोठे कारखाने, मटार डबाबंद करणारे कारखाने, हिवाळ्यात बिटाच्या कारखान्यातून निघणारी वाफ. कामाला पोलंडची, लिथुआनियाची, पोर्तुगालची माणसं. बॉस्टनच्या चर्चचा मनोरा म्हणे इतका उंच आहे की शेतात ट्रॅक्टर चालवता चालवता दिसतो. दिसणारच. मध्ये आडवं यायला दुसरं काही नाहीच.

यातलं निम्मं मला एकाच माणसाने सांगितलं. आमचे सर्वांत जुने ग्राहक, सत्तरीच्या आसपासचे, होल्बीचच्या पलीकडे काळ्या मातीत शेती. नावाआधी मिस्टर लावून बोलायचे मी त्यांच्याशी, पण मनातल्या मनात ते माझे काका झाले होते. पहिल्या फोनवर सवयीने माझ्या तोंडून गेलं, “जेवलात का?” आपण फोनवर विचारतोच की. मग ते सावधपणे म्हणाले, “हो. पोर्क पाय खाल्ली. डुकराचं मांस भरलेली कचोरीच म्हणा.” माझ्या तोंडून “अरे वा” निघालं. मी जन्माची शाकाहारी. पुढच्या फोनला त्यांनी मी विचारायच्या आतच सांगितलं की आज सूप होतं. आमचं बरं जमलं.

पण काकांची खरी ओळख झाली ती त्या पहिल्या वसंतात. बेणं पाठवायचे दिवस फेब्रुवारी ते एप्रिल. जमीन ओली असताना बेणं पोचलं तर पोत्यातच घाम धरून सडतं, उशिरा पोचलं तर हंगाम हातचा जातो, म्हणून तारखेला फार महत्त्व. काकांना विचारलं, जमीन कशी आहे? ते म्हणाले, “जरा ओलसर आहे.” मी नवीन होते, म्हणून बॉस शेजारी बसून ऐकत होता. त्याने कॉम्प्युटरवर नोंद केली, जमीन किंचित ओली, आणि ट्रक सोडला. काकांनी अडवलंही नाही. दोन दिवसांनी ड्रायव्हरचा फोन आला. ट्रकची चाकं आसापर्यंत चिखलात गेली होती, दोन ट्रॅक्टर लावून ओढायचं चाललं होतं, आणि शेताच्या खालच्या अर्ध्या भागावर बदकं पोहत होती.

“तो जरा म्हणाला होता!” बॉस ओरडला.

मला मात्र एकदम लख्ख प्रकाश पडला. हा माणूस पुण्याचा आहे! आमच्या सासूबाई भाजी चाखून “जरा मीठ पुढे आहे” म्हणाल्या की ती भाजी कुणाच्याही घशाखाली उतरत नाही. “काही घाई नाही गं, तुझं आवरलं की टाक चहा,” असं म्हणाल्या की चहाला आधीच उशीर झालेला असतो. आणि आयुष्यात एकदाच त्या माझ्या पुरणपोळीला “वाईट नाही झाली” म्हणाल्या, तेव्हा सासऱ्यांनी पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघितलं होतं. हे शिक्षण माझं फुकट झालेलं होतं. आता त्याचा पगार मिळणार होता.

पुढच्या मोसमापासून मी काकांचंच नव्हे, त्या सगळ्या टापूचं भाषांतर करायला लागले. “जमेल तेव्हा पाठवा” म्हणजे आज ट्रक निघायला हवा. “तसा त्रास नसेल तर” म्हणजे त्रास असला तरी करा. “जरा वारा आहे” म्हणजे काळी माती उडून अख्खं शेत शेजाऱ्याच्या अंगणात चाललंय, आत्ता बेणं नको. घरी मी हे हसत हसत सांगितलं तर मुलगी गंभीर झाली. तिचं सगळं शिक्षण इथलं. “आई, यू कॅन जस्ट आस्क हिम,” ती म्हणाली. “येस ऑर नो.” मी म्हटलं, बाळा, तसं विचारायचं नसतं. तिने अगदी माझ्या बॉससारखं माझ्याकडे बघितलं.

एका वर्षी काका म्हणाले, “बायकोची तब्येत जरा नरम आहे, पण तुम्ही ट्रकचं ठरलंय तसंच ठेवा.” मी ट्रक रद्द केला. दोन दिवसांनी कामाशिवायच फोन केला. काकू कित्येक दिवस इस्पितळात होत्या, ऑपरेशन मोठं होतं, आणि काका रोज इतक्या लांब गाडी हाकत जात-येत होते. बॉसने विचारलं, काम नसताना फोन का केला? मी म्हटलं, बायको आजारी आहे त्यांची. तो म्हणाला, “मग ते तसं सांगतील ना.” काकू घरी आल्यावर बेणं पाठवलं. काका म्हणाले, “आता वाईट नाही.” मला इतका आनंद झाला की मी त्या संध्याकाळी शिरा केला. नवऱ्याला वाटलं त्याचं प्रमोशन मला आधीच कळलं.

दर उन्हाळ्यात ऑफिसची मंडळी ग्राहकांना भेटायला तिकडे जायची. पासपोर्ट खिशात टाकायचा आणि बोटीत बसायचं, एवढंच त्यांचं काम. मला व्हिसा लागायचा. पहिल्या वर्षी कागद जमेपर्यंत मंडळी परत आली, दुसऱ्या वर्षी मुलीची शाळा आडवी आली, तिसऱ्या वर्षी मी विचारलंच नाही. ते तिकडे असताना रस्ता चुकले की मला फोन करायचे. “आता डावीकडे कालवा असेल,” मी स्लोटरडाइकमधून सांगायचे. “तो संपेपर्यंत वळू नका.” परत आल्यावर बॉस म्हणाला, तुझ्या त्या होल्बीचच्या शेतकऱ्याने विचारलं, ती कुठे आहे. मी विचारलं, म्हणजे नक्की काय म्हणाले? बॉसने आठवून सांगितलं, “म्हणाला, ती आली असती तरी चाललं असतं.” मी बराच वेळ खिडकीबाहेर रूळ बघत बसले.

माझं कंत्राट तात्पुरतं होतं. इथे अशी तात्पुरती कंत्राटं ठरावीक वेळाच देता येतात. त्यानंतर माणसाला कायम करायचं, नाहीतर हात मिळवून निरोप द्यायचा. मला कायम व्हायचं होतं. पगारासाठीही, पण त्याहून जास्त त्या कार्डासाठी. या देशात मी कुणाची तरी कुणी म्हणून नाही, माझ्या कामासाठी आहे, असं मला एकदा कागदावर बघायचं होतं. बटाट्याच्या कामासाठी का असेना.

नेमकी त्याच वर्षी कंपनीने वेबसाइट केली. शेतकऱ्याने स्वतः जाऊन तारीख निवडायची. जमिनीची स्थिती निवडायलाही सोय होती. ओली किंवा कोरडी. जरा नव्हतं. मी घरी नवऱ्याला दाखवलं. तो याच, म्हणजे कॉम्प्युटरच्या धंद्यातला. त्याने चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाला, “क्लीन आहे गं एकदम. कुणी केलंय?” त्या रात्री त्याच्या ताटात कालची आमटी होती.

बॉसने मला समोर बसवून स्वच्छ सांगितलं. मालकांचं म्हणणं, वेबसाइट असताना फोनवर माणूस कशाला? पण ग्राहकांना तू हवीच असशील तर मी तुझ्यासाठी भांडेन. आपण सर्वांत जुन्या ग्राहकालाच विचारू. तुझ्यासमोर, स्पीकरवर. मागून काही नको. त्याचा हेतू खरोखर चांगला होता. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

काकांनी फोन उचलला. बॉसने मी समोर बसल्याचं सांगितलं, हेही सांगितलं की प्रश्न माझ्या नोकरीचा आहे, मग सरळ विचारलं, “तिच्या कामाबद्दल तुमचं मत काय?”

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. माझ्यासमोर माझी स्तुती करायची म्हणजे त्या बिचाऱ्यांना भर बाजारात कपडे काढायला सांगण्यासारखं होतं.

“वाईट नाही,” काका म्हणाले. मग त्यांनी खूप धीर गोळा केला असावा. “वाईट नाहीच. तक्रार अशी काही नाही तिच्याबद्दल.”

माझे डोळे भरून आले. बॉसने कागदावर लिहिलं, तक्रार नाही.

“आणि तिच्याऐवजी वेबसाइट आली तर?”

आता मात्र काका पुन्हा खाकरले. मग म्हणाले, “तसंच असेल तर... आम्ही निभावून नेऊ, मला वाटतं.”

युद्धाच्या दिवसांत त्यांचे आईवडील असंच म्हणाले असतील. घरात पाणी शिरलं तरी ते याहून जास्त काही म्हणाले नसते. बॉसने आभार मानून फोन ठेवला आणि मला म्हणाला, “त्यांची काही हरकत नाही.”

मी सांगायला लागले. त्यांचं बोलणं तसं नसतं, तुला ट्रक आठवतो ना, जरा ओलसर, ती बदकं. वाईट नाही ही त्यांची सर्वांत वरची पायरी आहे. निभावून नेऊ म्हणजे फार अवघड जाईल. बोलता बोलता माझा आवाज चढला, मग रडवेला झाला. बॉसने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आजवर तू सांगितलेला प्रत्येक अर्थ मी मानला,” तो म्हणाला. “पण आता तू सांगतेस की तुझ्या बाबतीत तो जे बोलला त्याच्या उलट त्याला म्हणायचंय. मी मालकांना हे कसं सांगू?”

त्याच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं. स्वतःच्या पुरणपोळीबद्दल सासूबाई काय म्हणाल्या याचा अर्थ सुनेने सांगायचा नसतो. तो सासऱ्यांनी पेपर खाली ठेवून सांगावा लागतो. या ऑफिसात पेपर खाली ठेवणारं कुणी नव्हतं.

दुपारी त्याने मला पत्र दिलं. एप्रिलअखेर कंत्राट संपणार. पत्रात लिहिलं होतं की माझं काम उत्तम होतं. उत्तम! तो शब्द मी इतक्या सहज लिहिलेला बघितला आणि मला हसूच आलं.

शेवटच्या दिवसांत मी एकेका शेतकऱ्याला फोन करून वेबसाइट कशी वापरायची ते समजावून सांगितलं. आपलंच काम मोडीत काढायचं कामही मीच नीट केलं, कारण वाईट काम करायची मला सवय नाही. काकांचा फोन मी शेवटपर्यंत ठेवला होता. जेवणाची सुट्टी होती. ऑफिसात बॉस आणि मी दोघंच, तो आपल्या टेबलाशी पाव खात होता.

फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. काका शेतातच असावेत.

“जमीन कशी आहे?” मी विचारलं.

“जरा उडतेय.”

म्हणजे त्यांच्या डोळ्यांत, नाकातोंडात काळी माती जात होती आणि तरी त्यांनी फोन उचलला होता. मी घाईघाईने वेबसाइटचं सांगितलं. कुठे दाबायचं, तारीख कशी निवडायची. ते मध्ये मध्ये बरं, बरं म्हणत होते. मग मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी नसेन. माझी नोकरी संपली.

वारा तसाच वाजत राहिला.

“अरेरे,” काका म्हणाले. आणि मग, अगदी हळू, “हे जरासं वाईट झालं.”

दोन्ही हॉलंडांच्या मध्ये एवढा मोठा समुद्र आणि आम्ही दोघं नुसते फोन कानाला लावून उभे.

“जेवलीस का तू?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी हो म्हटलं. डबा उघडलेलाही नव्हता.

फोन ठेवला तशी बॉसने काळजीने मान वर केली. “कसं घेतलं त्यांनी?”

“म्हणाले, जरासं वाईट झालं.”

“चला,” तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. “म्हणजे फारसं लागलं नाही त्यांना.”

मी मान डोलावली. मग बाथरूममध्ये गेले, नळ पूर्ण सोडला आणि रडले. जरासं नाही.